घरच्या खोलीतील ध्वनिमुद्रण

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरांवर अभनपूर लागते. भोवती धानाची शेते, जागोजागी तांदळाच्या गिरण्या आणि राजिमकडे वळणारा फाटा, असे हे छत्तीसगढच्या मैदानातील एक बाजाराचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून येथे अडीच फुटी अरुंद मापाची रेल्वे होती. एक मार्ग धमतरीला जाई आणि येथूनच फुटलेली शाखा राजिमला. ती गाडी कालांतराने बंद झाली आणि ३० मार्च २०२५ रोजी रुंद मापाच्या नव्या मार्गावरून अभनपूर-रायपूर गाडी सुरू झाली. ध्वनिमुद्रणावरील व्याख्यानात रेल्वेचा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. अशा गावी घरात बसून गाणे मुद्रित करू पाहणाऱ्याचा पहिला प्रतिस्पर्धी दुसरा गायक नसतो. गाडीची शिटी, महामार्गावरील ट्रकचा भोंगा आणि गिरणीची अखंड घरघर हे त्याचे प्रतिस्पर्धी होत. त्यांचा विचार आधी करावा लागतो आणि यंत्राचा नंतर.

छत्तीसगढच्या गायकाला आपला आवाज मुद्रित करावयाचा म्हणजे पूर्वी रायपूर गाठणे भाग होते. २ ऑक्टोबर १९६३ रोजी तेथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि पुढील काही दशके खेड्यापाड्यांतील लोकगायकांना यंत्रासमोर उभे राहण्याची तीच मुख्य जागा होती. नंतर कॅसेट आली, तबकड्या आल्या, भाड्याने मिळणारे खाजगी स्टुडिओ आले. आज एक माइक, एक लहानशी जोडपेटी आणि एक संगणक एवढ्यावर घरातली खोलीच स्टुडिओ होऊ शकते. साधने दाराशी आली, हे निःसंशय चांगले झाले. परंतु अशा घरगुती मुद्रणांपैकी पुष्कळशी ऐकताना गाणारा माणूस विहिरीत बसला आहे की काय, असा भास होतो. मग माइक बदलला जातो, महाग माइक आणला जातो आणि विहीर अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागते.

हा दोष खोलीचा आहे. खोली म्हणजे भिंतींनी वेढलेली रिकामी जागा नव्हे. गायकाच्या तोंडून निघालेला ध्वनी माइकपर्यंत एकदा सरळ पोहोचतो आणि नंतर भिंती, जमीन व छत यांवर आपटून शेकडो वेळा पुन्हा पोहोचतो. समोर बसून ऐकणाऱ्या माणसाचे दोन कान आणि त्यामागचा मेंदू या परावर्तनांकडे बरेचसे दुर्लक्ष करू शकतात. माइकला ही सवड नाही. त्याला जे मिळते ते तो जसेच्या तसे लिहून ठेवतो.

या विषयाचे शास्त्र ज्या प्रसंगातून उभे राहिले, तो घरगुती स्टुडिओ उभारू इच्छिणाऱ्यास मोठा दिलासा देणारा आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून झाले तेव्हा त्यात बोललेले एक वाक्य साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही. एका शब्दावर दुसरा शब्द चढे आणि श्रोत्यांना काहीच कळेनासे होई. १८९५ साली हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सेबिन या तरुण अध्यापकाकडे आले. त्याच्याजवळची साधने म्हणजे ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे घड्याळ आणि स्वतःचे कान. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांवरच्या गाद्या तो रात्रीच्या निवांत वेळी उचलून आणी, व्याख्यानगृहात पसरी, नळी वाजवी आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. पहाट होण्यापूर्वी गाद्या पुन्हा आपल्या जागी जात. या गाद्यांतून त्याने नियम शोधला: खोलीचे घनफळ जितके अधिक तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि खोलीतील शोषक पृष्ठभाग जितका अधिक तितका तो लवकर विरतो. पुढे १९०० साली उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलची रचना त्याच्या सल्ल्याने झाली.

हाच नियम अभनपूरमधील एखाद्या पक्क्या खोलीला लावून पाहता येतो. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे, भिंतींना सिमेंटचा गिलावा आहे, खाली फरशी आहे आणि खोली पूर्ण रिकामी आहे, असे समजू. सेबिनच्या सूत्राप्रमाणे अशा खोलीत आवाज विरायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागेल. गाण्याच्या मुद्रणाला अर्ध्या सेकंदाच्या जवळपासचा काळ हवा. आता याच खोलीत दहा चौरस मीटर जाड कापड टांगावे, एक गादीसह पलंग ठेवावा आणि माणूस बसवावा. काळ पाऊण सेकंदाच्या आत येतो. कापड आणखी वाढविले की तो आणखी उतरतो. हे जाड कापड विकत आणण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात जिला वाकळ किंवा गोधडी म्हणतात, ती छत्तीसगढमध्ये कथरी होय. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली ही वस्तू प्रत्येक घरात असते आणि ध्वनी शोषण्याच्या कामी ती बाजारातल्या पातळ फोमपेक्षा सरस ठरते. मात्र ती भिंतीला चिकटवून टांगू नये. भिंत आणि कथरी यांत चार बोटे तरी अंतर सोडावे, म्हणजे थोडे खालच्या पट्टीतील स्वरही शोषले जातात.

अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला डकवण्याची एक चाल सर्वत्र रूढ झालेली आहे. त्यांच्या उंचसखल आकारामुळे काहीतरी शास्त्रीय घडत असावे, असा समज होतो. वस्तुतः तो पुठ्ठा इतका हलका आणि पातळ असतो की त्याने फक्त अगदी वरच्या पट्टीतील ध्वनी थोडासा कमी होतो. बाकीचे सर्व जिथल्या तिथे राहते, आणि वर आगीचे भय. थर्मोकोलचीही तीच कथा.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण त्याच्या अभावी पुष्कळ पैसा वाया जातो. खोलीतला ध्वनी शोषून घेणे वेगळे आणि बाहेरचा ध्वनी अडविणे वेगळे. पहिल्या कामाला मऊ व सच्छिद्र वस्तू लागते, दुसऱ्याला वजन. कथरी गिरणीचा आवाज अडवू शकत नाही. तो अडवते ती जाड भिंत, आणि याबाबतीत छत्तीसगढचे जुने मातीचे घर नव्या एकविटी खोलीपेक्षा उजवे आहे. हातभर जाडीची मातीची भिंत मोठी दणकट असते. पण तिच्यावर खापरांचे छप्पर असते आणि खापरांच्या फटींतून रस्ता सरळ आत येतो. फट लहान म्हणून तिची उपेक्षा करून चालत नाही. एकूण भिंतीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी उघडी जागा राहिली, तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी बाहेरचा आवाज वीस डेसिबेलहून अधिक कमी होऊ शकत नाही. म्हणून दाराखालची फट जुन्या कापडाच्या गुंडाळीने बुजवणे हे नव्या माइकपेक्षा अधिक फलदायी ठरते. ज्या घरात धानाची पोती रचून ठेवण्याची आतली खोली असते, तेथे निम्मे काम आधीच झालेले असते. रस्त्यापासून दूर, खिडकी नाही आणि पोत्यांच्या थप्पीमुळे आवाज घुमत नाही. तेथे उंदीर असतात, ही गोष्ट वेगळी.

खोलीच्या मापांचाही परिणाम होतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर दहा फूट असेल, तर सुमारे ५७ कंपनसंख्येचा आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११५ च्या आसपासचा स्वर त्या खोलीत विशेष फुगतो. पुरुषाचा आवाज साधारणपणे ८५ ते १८० या पट्ट्यात असल्याने एखादाच स्वर उगाच मोठा ऐकू येतो आणि गायकाला वाटते की आपला आवाज बिघडला. वरच्या उदाहरणात रुंदी आणि उंची सारखीच घेतली आहे. गावातील खोल्या बहुधा अशाच असतात आणि अशा खोलीत हा दोष दुप्पट होतो. भिंती हलवता येत नाहीत, पण बसण्याची जागा हलवता येते. खोलीच्या अगदी मध्यभागी आणि कोपऱ्यात बसू नये. लांबीच्या एकतृतीयांश अंतरावर बसून पाहावे.

आता माइक. बहुतेक गायनोपयोगी माइक समोरचे अधिक आणि पाठीमागचे कमी ऐकतात. या साध्या गोष्टीतून दोन निष्कर्ष निघतात. एक, माइकची पाठ गोंगाटाच्या दिशेकडे, म्हणजे रस्त्याकडच्या खिडकीकडे असावी. दुसरा निष्कर्ष बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. माइक गायकाकडे पाहतो, म्हणजेच तो गायकाच्या मागच्या भिंतीकडेही पाहतो. म्हणून सर्वांत जाड कथरी टांगावयाची ती गायकाच्या पाठीमागे. लोक ती माइकच्या मागे टांगतात आणि मग फरक का पडला नाही याचे नवल करतात.

माइकच्या दोन जाती घरी वापरल्या जातात. कंडेन्सर जातीचा माइक अतिशय संवेदनशील असतो आणि त्याला जोडपेटीतून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. शांत, साधलेल्या खोलीत त्याच्यासारखा दुसरा नाही. डायनॅमिक जातीचा माइक थोडा मठ्ठ, पण सोशिक असतो. तो जवळचे ऐकतो आणि दूरच्या गोष्टींकडे फारसे लक्ष देत नाही. सभांमधून सर्वत्र दिसणारा, १९६६ मध्ये बाजारात आलेला शुअर कंपनीचा एसएम ५८ हा याच जातीचा. महामार्गाकाठच्या घरात हा मठ्ठपणा गुण ठरतो. जाहिराती मात्र नेहमी पहिल्या जातीच्याच असतात.

अंतराविषयीचा नियम यंत्राच्या किमतीवर अवलंबून नाही. मोकळ्या जागेत उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनी सहा डेसिबेलने उतरतो. साठ सेंटीमीटरांवर बसलेला गायक पंधरा सेंटीमीटरांवर आला, तर त्याचा आवाज खोलीच्या घुमण्यापेक्षा आणि बाहेरच्या गोंगाटापेक्षा बारा डेसिबेलने वर येतो. हे एक पैसाही खर्च न करता साधते. फार जवळ गेल्यास मात्र आवाजातील खर्ज कृत्रिमपणे वाढतो आणि प, फ, भ या वर्णांच्या वेळी श्वासाचा फटका माइकवर बसतो. म्हणून वीतभर अंतर ठेवावे, माइक तोंडाच्या किंचित बाजूला असावा आणि मध्ये भरतकामाच्या कडीवर ताणून बसविलेले मलमलीचे दुहेरी कापड धरावे.

मुद्रणाची पातळी गाण्याच्या सर्वांत मोठ्या क्षणावरून ठरवावयाची असते. यंत्राची कमाल मर्यादा शून्य मानली, तर सर्वांत मोठा आवाज उणे बारा डेसिबेलच्या आसपास थांबेल असे पाहावे. चोवीस बिटांच्या मुद्रणात खाली भरपूर जागा असते. आवाज लहान राहिला तर नंतर मोठा करता येतो, पण मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. पुढील संपादनासाठी ऑडॅसिटी हा २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध असलेला कार्यक्रम पुरेसा आहे. मुद्रण कोणत्याही संक्षेपाविना, मूळ स्वरूपात साठवावे. संक्षिप्त प्रती पाठविण्यासाठी ठीक आहेत, जपण्यासाठी नव्हेत.

छत्तीसगढमध्ये खरी कसोटी ऋतूंची लागते. मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि पंखा चालू ठेवून मुद्रण करता येत नाही. कथऱ्यांनी वेढलेल्या, फटी बुजवलेल्या खोलीत पंखा बंद करून गाणे ही शिक्षाच आहे. पावसाळ्यात रात्री बेडूक आणि रातकिडे, पत्र्यावर सरी. धान निघाल्यावर मळणीयंत्रे. लग्नसराईत ध्वनिवर्धकांच्या गाड्या. उरते ती पहाट. चार ते सहा या वेळात रस्ता थोडा निवतो, गिरण्या बंद असतात आणि खोली त्यातल्या त्यात थंड असते. पण पहाटे गळा उघडलेला नसतो, असे गायक म्हणतात आणि ते खरेच आहे. येथे शास्त्राने गायकाचे ऐकावे. गळ्यासाठी अर्धा तास द्यावा आणि वीस वीस मिनिटांनी दार उघडावे. विजेची गुणगुण येत असेल तर संगणक मुद्रणापुरता बॅटरीवर चालवावा. बऱ्याच वेळा ती तत्काळ थांबते. नाही थांबली तर घरातील भू-तार तपासून घ्यावी, आणि ही तपासणी मुद्रणासाठी नसली तरी करण्याजोगीच आहे.

आतापर्यंतचे विवेचन एकट्या गायकाला धरून झाले. छत्तीसगढचे गायन मात्र एकट्याचे क्वचितच असते. पंडवानी घ्यावी. महाभारताची ही कथा वेदमती पद्धतीने बसून आणि कापालिक पद्धतीने उभे राहून, हातात तंबुरा व करताल घेऊन गायिली जाते. झाडूराम देवांगन हे पहिल्या पद्धतीचे नामवंत गायक. तीजनबाईंनी दुसरी पद्धती जगभर पोहोचवली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. दोन्हींत मुख्य गायकाइतकाच आवश्यक असतो तो रागी. गायक कथेचा एक तुकडा सांगतो; रागी हुंकार देतो, पुढे काय झाले म्हणून विचारतो, विस्मय दाखवतो. त्या हुंकारावर गायक पुढची उडी घेतो.

घरगुती स्टुडिओची प्रचलित रीत याच्या नेमकी उलट आहे. आधी ठेका मुद्रित करावयाचा, मग गायकाने कानाला हेडफोन लावून एकट्याने गावयाचे आणि रागीने सवडीने दुसऱ्या दिवशी येऊन आपले हुंकार भरावयाचे. तांत्रिकदृष्ट्या हे मुद्रण निर्दोष होते. पण ज्याला उत्तर द्यावयाचे तो समोर नसल्याने कथा सपाट होते. भीमाची गदा उठते, पण तिला कोणी दचकत नाही. अशा वेळी थोडी तांत्रिक अशुद्धता पत्करणे हाच शहाणपणा होय. दोघांना समोरासमोर बसवावे, दोघांना वेगळे माइक द्यावेत आणि माइक तोंडापासून जितका दूर, त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन माइकांमध्ये ठेवावे. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडा झिरपेल. झिरपू द्यावा. पातळी ठरवताना मात्र कथेचा शांत आरंभ न घेता युद्धाचा प्रसंग गाऊन घ्यावा.

दिवाळीच्या सुमारास बायका फेर धरून, टाळ्यांच्या ठेक्यावर जी सुआ गीते गातात, त्यांना तर खोलीत आणूच नये. त्यांची जागा अंगण आहे. टाळीचा आघात गळ्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो, त्यामुळे पातळी टाळीवरून ठरवावी आणि माइक फेराच्या बाहेर, डोक्यापेक्षा उंच धरावा.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांतील काही ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या घरी मुद्रित झाल्या. शब्द एक लाखांवर आणि आवाज त्यातल्या थोड्यांचाच, असे त्या संग्रहाचे स्वरूप आहे. तेथेही जात्याची घरघर हा गोंगाट मानावा की गाण्याचा भाग, हा प्रश्न उभा राहतोच; आणि ज्या कामातून ओवी निघते त्या कामाचा आवाज काढून टाकणारा कोणताही स्टुडिओ तिला पारखा आहे, असे म्हणणे भाग आहे. छत्तीसगढची गीते व्हेरियर एल्विन यांनी १९४६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्या गाणाऱ्यांपैकी कोणाचा गळा कसा होता हे पुस्तक सांगू शकत नाही. आज ज्या वयोवृद्ध स्त्रीला विवाहाच्या प्रत्येक विधीचे गाणे येते, तिच्याबाबत ही सबब उरलेली नाही. पण तिचे मुद्रण बहुधा एकदाच होणार असते, आणि ते पंख्याच्या घरघरीत झाले तर तसेच राहते.

मुद्रण झाल्यावर ते कोणाचे, हा प्रश्न उरतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. आज त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली: व्यापारी उपयोग झाल्यास मानधनात वाटा, आणि आपले नाव दिले जाण्याचा व आपले सादरीकरण विकृत न होऊ देण्याचा अधिकार. घरच्या खोलीत आत्याने किंवा शेजारच्या काकांनी गायिले म्हणून हा हक्क नाहीसा होत नाही. मुद्रण कोठे वापरले जाणार हे आधी सांगून, एका कागदावर लिहून, त्यावर दोघांच्या सह्या वा अंगठे घ्यावेत आणि एक प्रत गाणाऱ्याजवळ ठेवावी. मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी.

१९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहर जानचे गाणे तबकडीवर घेतले. त्या काळच्या तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती आपले नाव स्वतःच मोठ्याने सांगते. तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीत, हनोव्हरला, आणि हा आवाज कोणाचा हे तेथील कारागिरांना कळावे म्हणून ही रीत होती, असे सांगतात. संगणकात साठविलेल्या मुद्रणाचीही ओळख अशीच सहज हरवते, कारण त्यांची नावे बदलतात आणि याद्या गहाळ होतात. म्हणून यंत्र सुरू झाले की प्रथम अर्धा मिनिट काहीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करावी, ती पुढे गोंगाट कमी करण्याच्या कामी येते. नंतर गाणाऱ्याने आपले नाव, आपल्या गावाचे नाव, दिनांक आणि हे गाणे कोणाकडून शिकलो ते सांगावे, आणि मग गाण्यास आरंभ करावा.